सरांचा पॉइंट

यंत्रानं पीं पीं केलं आणि पडद्यावर ठिकाण आल्याची खूण उमटली. मी थांबले. मागून यतीनभाऊजी आले, त्यांच्या मागून पिंगळे. तिघांनीही खाली बघितलं. खाली तापलेला उघडा कातळ होता आणि कडेला वाळलेल्या कारवीच्या काटक्या.

"वहिनी, आलं?" भाऊजींनी विचारलं.

"आलं म्हणतंय."

"मग टाकं कुठाय? का आता आपणच खोदायचं?"

यतीनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कुठल्याही प्रसंगी थट्टा केल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कड्याच्या पोटाशी यंत्राला उपग्रह नीट दिसत नाहीत आणि ते इकडेतिकडे भरकटतं, हे मला पाठ होतं. म्हणून मी मोकळ्यावर जाऊन उभी राहिले, यंत्र आकाशाकडे धरलं, आकडे स्थिर होईपर्यंत वाट बघितली. बाण पुन्हा त्याच कातळाकडे वळला. पुन्हा चालत आले, पुन्हा पीं पीं.

"उल्काताई, टाकं इथंच असणार हो," पिंगळे म्हणाले. "सरांचा पॉइंट आहे. झाडोऱ्यात दडलं असेल."

"असणारच," मी म्हटलं.

आज सगळ्यांच्या खिशात फोन आणि फोनात नकाशा असतो, म्हणून हे सांगावं लागतं. त्या काळी डोंगरात जाणाऱ्यांकडे हातात मावेल एवढं जीपीएसचं यंत्र असायचं, तेही गटात एखाद्याकडेच. जी जागा पुन्हा सापडायला हवी तिथं उभं राहून बटण दाबायचं, की ती जागा अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांत यंत्रात राहायची. आम्ही तिला पॉइंट म्हणायचो. पुढच्या खेपेला यंत्र बाण दाखवत त्या जागेवर नेऊन उभं करायचं. आमच्या नाशिकच्या गटात असं यंत्र एकट्या गायधनी सरांकडे होतं.

विश्राम गायधनी. गट त्यांनीच काढलेला, आम्हा सगळ्यांना डोंगर त्यांनीच दाखवलेला. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या, मोडलेल्या वाटा हुडकून काढायच्या हा त्यांचा नाद. कातळाईची नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली उभी घळ, ही त्यातली सगळ्यात अवघड वाट, आणि सरांची सगळ्यात लाडकी. वरून उतरायला सुरुवात केली की अर्ध्यावर एक झाडीचा सपाट पट्टा लागतो, त्याला पदर म्हणतात. त्या पदरावर दगडात कोरलेलं एक टाकं आहे. उन्हाळ्यात त्या वाटेवर पाणी म्हणाल तर तेवढंच. ते टाकं सरांखेरीज आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं. सर एकटे जाऊन आले होते आणि परत आल्यावर महिनाभर त्याच्याबद्दलच बोलत होते.

त्या वर्षी सरांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी डोंगर बंद करायला सांगितलं.

आमच्याकडे खंडेनवमीला दोर, हुक, बूट असं सगळं मांडून पूजा व्हायची. यंत्रालाही हळदकुंकू लागायचं. पूजा झाली की ज्याच्या हातात सर यंत्र ठेवतील तो वर्षभराचा नेता. इतकी वर्षं सर ते स्वतःच उचलून खिशात टाकायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या वर्षी त्यांनी ते उचललं, थोडा वेळ तळहातावर तोललं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे, उल्का. तुझ्याच हातात शोभेल."

मला रडू फुटलं. मी, तांबटांच्या घरातली सून, दोन वेळचा स्वयंपाक आणि शाळेची नोकरी सांभाळून डोंगरात जाणारी. 'बाईमाणूस काय नेतृत्व करणार' म्हणणारे गटात काही कमी नव्हते. त्या सगळ्यांसमोर सरांनी यंत्र मला दिलं.

"अडलं तर विचारायचं," सर म्हणाले. "लाजायचं नाही. मी घरीच आहे आता."

"अडणारच नाही, सर," मी डोळे पुसत म्हटलं. "तुमच्याच हाताखाली शिकलेय मी."

सगळे हसले. सरही हसले. पण हसण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं, ते मला आजही दिसतं. तेव्हा वाटलं, डोंगर सुटल्याचं दुःख असेल.

गुढीपाडव्याला सगळ्या गटाला घेऊन कातळाईच्या नाळेनं उतरायचं ठरलं. एवढी माणसं न्यायची तर आधी दोघातिघांनी जाऊन वाट बघून यायची, अशी आमची पद्धत. शिमगा झाल्यावरच्या रविवारी आम्ही निघालो. पिंगळे बँकेतले, गटाचे जुने सभासद. आणि यतीनभाऊजी. ते गटातले नव्हते. आदल्या दिवशी सासूबाईंनी विषय काढला होता.

"उन्हातान्हात एकटी जाणार?"

"एकटी कुठं, आई? पिंगळे आहेत की."

"ते पिंगळे काय कामाचे! यतीन, तू जा रे हिच्याबरोबर."

"चला," भाऊजी म्हणाले, "वहिनींचं यंत्र तरी बघू कुठं नेतं ते. आई, मला रस्ता सापडला नाही तर सुनेला जाब विचारायचा हं."

त्यावर सासूबाई हसल्या होत्या. मीही.

माथ्यावरच्या खिंडीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. वारा छान होता. फोनला रेंजही होती, कारण पिंगळ्यांनी घरी फोन करून पोचल्याचं कळवलं.

"ताई, सरांनाही एक फोन करायचा का?" ते म्हणाले. "टाक्याची खूण विचारून घेऊ. झाड, दगड, काहीतरी."

"कशाला? पॉइंट आहे ना."

"तरी पण."

"अहो पिंगळे, सरांनी स्वतः उभं राहून घेतलेला पॉइंट आहे. त्याच्यावर आणखी काय विचारायचं? म्हणतील, यंत्र दिलं तरी हिला शेंबूड पुसायला मीच लागतो."

भाऊजींना हे फार आवडलं. नाळेतून उतरताना ते मधूनमधून "सर, शेंबूड" असं ओरडत होते आणि कड्यावरून आवाज परत येत होता.

नाळ कठीण होती. घसरडी, दगडांची, वाऱ्याचं नाव नाही. दोन्ही बाजूंचे कडे तापून भट्टी झालेली. खाली पाणी आहे या भरवशावर आम्ही बाटल्या रिकाम्या करत उतरलो. वाटेतले सरांचे सगळे पॉइंट बरोबर निघाले. नाळेचं तोंड, मधला मोठा धोंडा, पदरावर बाहेर पडायची जागा. प्रत्येक वेळी यंत्र वाजलं आणि प्रत्येक वेळी समोर तीच खूण उभी. मग टाकं तेवढं चुकीचं असेल, हे कुणाच्या मनात येणार?

आम्ही त्या कातळाभोवती शोधत राहिलो. आधी हसत, मग चिडून, मग गप्प राहून. फोनची रेंज नाळेत शिरतानाच गेली होती. जरा लांब गेलं की यंत्र मागे ये म्हणायचं आणि आम्ही मागे यायचो. कुत्रं खुंट्याभोवती फिरतं तसे फिरत होतो. परत वर चढायचं तर त्या उन्हात ती नाळ चढणं शक्य नव्हतं. खाली कोकणातल्या वाडीपर्यंतची वाट लांब होती आणि पाणी न पिता उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पाणी इथंच आहे हे आम्हाला माहीत होतं. हे माहीत असणंच आमच्या मुळावर आलं.

भाऊजींची थट्टा कधी थांबली ते माझ्या लक्षात आलं नाही. बघते तर ते दगडाला टेकून बसलेले, चेहरा लालबुंद आणि कोरडा ठणठणीत. घामाचा टिपूस नाही.

"भाऊजी, बरं वाटत नाहीये का?"

"वहिनी, आईला म्हणावं दार उघड. केव्हाची कडी वाजवतोय."

मी त्यांचा हात धरला तर चटका बसला.

"पिंगळे, पळा! वाडीवर जा, माणसं आणा, पाणी आणा!"

पिंगळे गेले. मी भाऊजींना सावलीला ओढलं, ओढणीनं वारा घालत राहिले. बाटली उलटी करून तिचे थेंब त्यांच्या ओठांना लावले. ते आईशी बोलत होते, मग नुसतेच पुटपुटायला लागले. मी मोठमोठ्यानं देवाला शिव्या दिल्या. शेजारी ते यंत्र पडलं होतं. त्याचा बाण शांतपणे त्या कातळाकडे दाखवत होता.

पिंगळे वाडीतली चार माणसं घेऊन आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. त्यांच्याकडचं पाणी आम्ही भाऊजींच्या अंगावर ओतलं, ते लगेच संपलं. त्यांच्यातला एकजण कळशी घेऊन उत्तरेकडच्या उंबराच्या झाडीत शिरला आणि हाक ऐकू यावी इतक्या अंतरावरून ती भरून घेऊन आला. कळशी बाहेरून ओली होती, गार होती.

"टाक्यातलं आणलंय," तो म्हणाला. "घाला त्येंच्या डोक्यावर."

आम्ही घातलं. पण भाऊजी तोवर गेले होते.

पुढचं काय सांगू? नाशिकला बोभाटा झाला. 'टाकं हाकेच्या अंतरावर आणि ह्या बाई भलतीकडे शोधत बसल्या.' 'यंत्र वाचता येत नाही तर मिरवायचं कशाला?' गटाच्या शोकसभेत मी मागे भिंतीला टेकून बसले होते. सर काठी टेकत उभे राहिले.

"यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "आणि उल्कालाही कुणी बोल लावायचा नाही. वाचताना चूक कुणाचीही होते. ती माझी विद्यार्थिनी आहे. तिच्या चुकीची जबाबदारी मी घेतो."

केवढा मोठा माणूस, असं सगळे म्हणाले. मी उठून सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडले. हे आठवलं की आजही माझ्या कपाळाची कातडी सोलून काढावीशी वाटते.

यंत्र पुन्हा सरांकडे गेलं होतं. नंतर मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, सर, एकदा यंत्र बघू द्या. माझं नक्की काय चुकलं ते मला बघायचंय. सर म्हणाले, "तो पॉइंट मी पुसून टाकला, बाळ. तुला त्रास नको." मला त्यातही माया दिसली.

मी डोंगर सोडला. घर सोडता येत नव्हतं.

सासूबाई मला बोलल्या काहीच नाहीत. एका शब्दानंही नाही. फक्त त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. मी रांधलेलं जेवायच्या, मी धुतलेलं नेसायच्या. पण ताटाशी पाणी माझा नवरा ठेवायचा. तो घरात नसला की त्या भिंत धरत स्वतः माठापर्यंत जायच्या. मी पुढे झाले की म्हणायच्या, "राहू दे." एवढंच. नवऱ्यानं मला कधी दोष दिला नाही. देत नाही, असंही कधी म्हणाला नाही. वर्षानुवर्षं आमच्या घरात जेवताना कुणी "पाणी" हा शब्द मोठ्यानं उच्चारला नाही.

गेल्या थंडीत सासूबाई गेल्या. शेवटच्या दिवशी नवरा औषध आणायला खाली उतरला होता. श्वास लागला होता, ओठ सुकले होते. मी चमच्यात पाणी घेऊन ओठांना लावलं.

"आई, घ्या. एवढं तरी घ्या."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ओळखलं. आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

त्यांचे दिवस होऊन काही आठवडे झाल्यावर सरांचा निरोप आला. त्यांची पंचाहत्तरी होती, गट मोठा सोहळा करणार होता आणि त्यांच्या सगळ्या वाटांचं पुस्तक निघणार होतं. 'पॉइंट तपासून द्यायला उल्काच हवी' असा सरांचा हट्ट. मी सोहळ्याला येणार नाही, एवढं सांगायला म्हणून गेले. इतकं ज्यानं सांभाळून घेतलं त्याला तोंडावर सांगावं, असं वाटलं.

सर वरच्या खोलीत पलंगावर होते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, कुणी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. आवाज मात्र तसाच, वर्गात शिकवल्यासारखा. मांडीवर तेच जुनं यंत्र.

"ये, ये. सासूबाई गेल्या ऐकलं. सुटल्या. बस. हे बघ, पुस्तकात खरे पॉइंट जायला हवेत. आता मी किती दिवसांचा? तेवढे पाण्याचे पॉइंट दुरुस्त करून घे. बाकीचे सगळे बरोबर आहेत."

"पाण्याचे का दुरुस्त करायचे, सर?"

"अगं, ते सरकवलेले आहेत ना."

मला कळलं नाही. "कुणी सरकवले?"

"मीच." सर हसले, जुन्या खोडीबद्दल माणूस हसतो तसे. "पाण्याचा पॉइंट घेतला की शेवटचे आकडे बदलून ठेवायचो. ठरलेल्या अंतरानं दक्षिणेला. सगळी टाकी, सगळे झरे. यंत्र चोरीला गेलं, कुणी पॉइंट उतरवून घेतले तर? आयुष्यभर पाय झिजवून शोधायचं मी, आणि दुसऱ्यांनी बस भरभरून माणसं आणायची, टाक्यात पाय धुवायचे! त्यांना पाणी हवं तर यावं माझ्याकडे. विचारावं. मी कधी कुणाला नाही म्हटलंय?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. मी त्यांच्या मांडीवरच्या यंत्राकडे बघितलं.

"कातळाईचं टाकंही?" मी विचारलं.

सरांची बोटं यंत्रावर थांबली. मला वाटलं, आता म्हणतील, नाही. त्यांनी नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"तुला सांगणार होतो," ते म्हणाले.

"केव्हा?"

"तू फोन केलास की. खिंडीत रेंज आहे, मला माहीत होतं. म्हटलं, उतरायच्या आधी करेल. एवढी मोठी वाट, विचारल्याशिवाय कशी उतरेल? त्या रविवारी मी सकाळपासून फोनपाशी बसून होतो, उल्का. जेवलोसुद्धा तिथंच. तू एकदा विचारलं असतंस तर..."

"आकडे बदललेत हे मला माहीत नव्हतं. मग विचारायचं काय?"

"मला विचारायचं. मला! यंत्र दिलं म्हणजे मी मेलो का?" त्यांचा आवाज चढला, मग फुटला. "सगळ्यांसमोर म्हणालीस, अडणारच नाही."

"भाऊजी गेले, सर."

"मग मला काय कमी दुःख झालं?" त्यांचे डोळे भरून आले. "तरी मी तुला सांभाळून घेतलं. एका माणसाला तुझ्याविरुद्ध बोलू दिलं नाही."

तिथंच मला सगळं दिसलं. ती सभा, ते पाया पडणं, ताटाशी पाणी ठेवणारा नवरा, मिटलेलं ते तोंड. ज्या बाईला हे सांगायला हवं होतं ती बाई गेली होती. तिला मी आता कुठल्या डोंगरावर जाऊन सांगणार होते? मला ओरडायचं होतं, यंत्र घेऊन भिंतीवर आपटायचं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. मी पदर सावरून उठले.

बोलून बोलून सरांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांना ठसका लागला.

"जरा पाणी दे गं," ते म्हणाले.

तांब्या-भांडं पलंगाशेजारच्या स्टुलावर होतं, त्यांच्या हाताशी. मी भांडं भरलं, काठोकाठ. मग ते आणि तांब्या, दोन्ही उचललं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"तिथवर हात पोचत नाही माझा," सर म्हणाले.

"माहीत आहे मला."

मी जिना उतरले. खाली त्यांची सून ओट्यापाशी कणीक मळत होती. मी चपला घालत होते तेवढ्यात वरून सरांची हाक आली, मग आणखी एक.

"काय हवंय त्यांना?" सुनेनं विचारलं.

"वर जाऊन विचारा," मी म्हटलं. "त्यांना विचारलेलं आवडतं."